सांथ कां ओसरते?

गांवांत सांथ शिरली म्हणजे ती वाढत जाते, ही गोष्ट कोणाच्याहि सहज ध्यानांत येते. एका रोग्यापासून दोघांना, दोघांपासून चौघांना, चौघांपासून आठांना रोग लागणार, हें चौथीच्या वर्गांतला मुलगाहि सांगेल. दर आठवड्याला हा दुणावा असाच चालू राहिला तर विसाव्या आठवड्याअखेर रोग्यांची एकंदर संख्या दहा लाखांवर जाते. सन १९०१ च्या खानेसुमारींत सबंध मुंबई शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरांत होती. म्हणजे हा हिशेब खरा धरला तर प्लेगनें पांच महिन्यांत मुंबईंत चिटपांखरूंहि शिल्लक ठेवलें नसतें. तसें झालें नाहीं. तेव्हां सांथ वाढते कां, हा प्रश्न सोपा आहे. ती ओसरते कां, हा खरा अवघड प्रश्न.

या प्रश्नाला पूर्वीपासून उत्तरें मिळत आलीं आहेत. मरीआईचा गाडा शिवेबाहेर पोंचविला, देवीचा कोप शांत झाला आणि रोग निघून गेला, हें एक उत्तर. विद्वान् डॉक्टरांचीं उत्तरें दोन होतीं. एक पक्ष म्हणे कीं, ज्यांना रोग होण्यासारखा होता त्या सर्वांना तो होऊन गेला. आतां जळावयाला सरपणच उरलें नाहीं. दुसरा पक्ष म्हणे कीं, एका माणसांतून दुसऱ्यांत जातां जातां रोगजंतूंचें विषच हळूहळू बोथट होतें. दोन्ही मतें ऐकावयास सयुक्तिक आहेत. पण सरपण खरोखरच संपत असेल तर सांथीनंतर गांवांत न बाधलेला मनुष्य औषधालाहि सांपडूं नये. आणि प्रत्यक्षांत असे लोक पुष्कळ सांपडतात. सन १९२७ मध्यें स्कॉटलंडांतील दोन गृहस्थांनीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत एक निबंध प्रसिद्ध करून दाखविलें कीं, या दोहोंपैकीं एकाहि कारणाचा आश्रय न करतां, निव्वळ हिशेबानें, सांथीचा चढ आणि उतार दोन्ही समजावून देतां येतात.

या दोघांपैकीं वडील अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. सन १९०१ मध्यें ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिंवतापाच्या मोहिमेवर पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओनला गेले होते. पुढें हिंदुस्थानांत त्यांनीं बरीच वर्षें काढलीं व कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें काम केलें. प्रकृति बिघडल्यामुळें ते मायदेशीं परतले आणि सन १९२० मध्यें एडिंबरो येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे अधीक्षक झाले. गणित हा त्यांचा पोटापाण्याचा विषय नव्हे, आवडीचा विषय. धाकटे विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. सन १९२४ मध्यें त्याच प्रयोगशाळेंत दाहक क्षाराचा स्फोट होऊन, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांचे दोन्ही डोळे गेले. ज्या निबंधाचा आज जगांतील प्रत्येक सांथशास्त्रज्ञ आधार घेतो, तो सिद्ध होत असतां त्याच्या एका कर्त्याला कागदावरचा एक आंकडाहि दिसत नव्हता. दुसऱ्यानें वाचून दाखवावें आणि यांनीं मनांत समीकरण मांडून सोडवावें, असा तो प्रकार होता.

त्यांचा मुद्दा चलनकलनाच्या भाषेंत आहे. परंतु त्याचें मर्म पाटीवरच्या अंकगणितानेंहि कळण्यासारखें आहे. श्रोत्यांनीं हजार मुलांची एक शाळा डोळ्यांपुढें आणावी. मुलांचे तीन वर्ग करावयाचे: ज्यांना रोग अद्याप झालेला नाहीं पण होऊं शकेल असे, ज्यांच्या अंगांत रोग आहे व जे तो दुसऱ्याला देऊं शकतात असे, आणि बरे होऊन किंवा दगावून या खेळांतून बाहेर पडलेले. आतां असें समजूं कीं, ज्या शाळेंत कोणालाच रोग झालेला नाहीं तेथें एक रोगी बरा होण्यापूर्वीं सरासरीनें दोघांना रोग देतो. प्रारंभीं रोग्यांची संख्या दुणावत जाईल. परंतु निम्म्या मुलांना रोग होऊन गेला म्हणजे काय होईल? रोगी मुलगा पूर्वींइतक्याच मुलांत मिसळेल, पण ज्या दोघांना त्यानें एरव्हीं रोग दिला असता त्यांपैकीं एकाला तो आधींच होऊन गेलेला असेल. म्हणजे एकाचे दोन होण्याऐवजीं एकाचा एकच होईल. चढ संपला. यापुढें प्रत्येक रोगी सरासरीनें एकापेक्षांहि कमी मुलांना रोग देणार, आणि सांथ उतरणीला लागणार. हाच तो उंबरठा. न बाधलेल्यांची संख्या या उंबरठ्याच्या वर असेल तर ठिणगी पडतांच भडका उडतो. खालीं असेल तर ठिणगी पडून विझते.

मात्र उतार लागला म्हणजे सांथ संपली असें नव्हे. शिखरावर असतांना जीं मुलें आजारी आहेत तीं पुढेंहि कांहीं दिवस रोग वांटीतच राहतात. पुरा हिशेब केला तर हजारांपैकीं सुमारें आठशें मुलांना रोग होतो आणि सुमारें दोनशें सुटतात. हीं दोनशें मुलें अधिक बळकट होतीं असें नाहीं, त्यांच्या दंडांत ताईत होता असेंहि नाहीं. त्यांच्या आणि शेवटच्या रोग्याच्या मध्यें बरीं झालेलीं मुलें उभीं होतीं, इतकेंच. सरपण संपलें नव्हतें, काटक्या एकमेकींपासून दूर पडल्या होत्या. जंतूंचें विषहि बोथट झालें नव्हतें.

आपल्या निबंधांत या दोघांनीं उदाहरणादाखल घेतली ती सांथ मुंबईची. ता. १७ डिसेंबर १९०५ पासून ता. २१ जुलै १९०६ पर्यंत मुंबई बेटांत प्लेगनें दर आठवड्याला किती माणसें दगावलीं याचे सरकारी आंकडे त्यांनीं घेतले. प्लेगच्या रोग्यांपैकीं शेंकडा ऐशीं ते नव्वद मरत, म्हणून मृत्यूंची संख्या हीच खेळांतून बाहेर पडलेल्यांची संख्या धरली. मग सूत्रावरून वक्ररेषा काढली, ती खऱ्या आंकड्यांवर जवळजवळ चपखल बसली. सूत्राप्रमाणें शिखर सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, येतें व त्या वेळीं आठवड्यास ८९० मृत्यु पडतात. ही आकृति पुढें असंख्य पाठ्यपुस्तकांत छापली गेली.

येथें जरा थांबणें अवश्य आहे, कारण पुष्कळ ग्रंथकार ही जागा घाईनें ओलांडून जातात. सूत्रावरून सबंध सांथींतील मृत्यूंची बेरीज केली तर ती नऊ हजारांच्या आंत येते. पावणेआठ लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत नऊ हजार म्हणजे शेंकडा सव्वा माणूसहि होत नाहीं. बाकीच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव माणसांना प्लेग होऊंच शकत नव्हता कीं काय? तसें मुळींच नव्हतें. प्लेग पुढच्या वर्षीं फिरून आला आणि माणसें फिरून मेलीं. खरी सांथ माणसांत नसून उंदरांत होती. सरपण विरळ झालें तें घुशी-उंदरांचें. शिवाय उन्हाळा कडक झाला म्हणजे प्लेग पसरविणाऱ्या पिसवांचा जोर ओसरतो व मुंबईचा प्लेग दर वर्षीं त्याच सुमारास उतरे. माणसांतील प्लेग हें उंदरांतील प्लेगचें प्रतिबिंब आहे, ही गोष्ट कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनींहि आपल्या निबंधांत मान्य केली आहे. तात्पर्य, रेषा जुळली एवढ्यावरून कारण सांपडलें असें होत नाहीं. एकाच घाटाच्या घागरी पुष्कळ कुंभार घडवितात.

याच्या उलट, ज्या हिशेबानें कारणाचा पत्ता अचूक लागला तो हिशेब मॅकेंड्रिक यांनीं एक वर्ष आधीं, सन १९२६ मध्यें, प्रसिद्ध केला होता. तो फारसा कोणाला ठाऊक नाहीं, याचें नवल वाटतें. हिंदुस्थानांतील एका खेड्यांत पटकीची सांथ आली. खेड्यांत घरें २२३. त्यांपैकीं १६८ घरांत एकहि रोगी नव्हता; ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन दोन, ६ घरांत तीन तीन, आणि एका घरांत चार. एकूण रोगी ८६. एवढ्या पांच आंकड्यांवरून काय समजणार, असें कोणासहि वाटेल.

मॅकेंड्रिक यांनीं असा विचार केला. हा रोग नुसता दैवगतीनें, पावसाच्या थेंबांप्रमाणें, सबंध गांवावर सारखा पडला असता तर काय दिसलें असतें? संभवशास्त्राच्या नियमानें ८६ रोगी २२३ घरांत वांटले तर सुमारें १५२ घरें कोरडीं राहावयास हवींत, आणि सुमारें ५८ घरांत एकेक रोगी निघावयास हवा. प्रत्यक्षांत एकेक रोगी असलेलीं घरें ३२ च निघालीं आणि दोन, तीन, चार रोगी असलेलीं घरें अपेक्षेपेक्षां जास्त निघालीं. म्हणजे थेंब सबंध गांवावर पडलेच नाहींत. कांहीं घरांवरच पडले. मग किती घरांवर? बाधित घरांचे जे आंकडे आहेत ते कोणत्या संख्येला उत्तम जुळतात हें पाहिलें, तेव्हां उत्तर आलें ९३. त्र्याण्णव घरांत ८६ रोगी वांटले तर सुमारें ३७ घरें कोरडीं, ३४ घरांत एकेक, १६ घरांत दोन, ५ घरांत तीन आणि एका घरांत चार, असा मेळ बसतो. खऱ्या ३२, १६, ६ आणि १ यांच्याशीं तो ताडून पाहावा.

यावरून त्यांनीं अनुमान बांधलें तें असें: रोग पाण्यावाटे आला असावा, गांवांत एकाहून अधिक विहिरी असाव्यात, आणि त्यांपैकीं एका दूषित विहिरीचें पाणी या ९३ घरांतील माणसें पीत असावींत. नंतर गांवांत चौकशी झाली, तेव्हां तसेंच निघालें. एक विहीर दूषित होती आणि गांवांतल्या ठराविक लोकांचेंच पाणी तिच्यावर होतें. ज्या गांवांत आड वेगळा, पाणवठा वेगळा, तेथें विहिरीचें नांव निघालें कीं वस्तीचें नांव आपोआप निघतें, हें मराठी श्रोत्यांना वेगळें सांगावयास नको. १६८ रोगमुक्त घरांपैकीं सुमारें १३१ घरें सुखरूप राहिलीं तीं तें पाणी त्यांच्या घागरींत आलेंच नाहीं म्हणून. उरलेलीं ३७ घरें तेंच पाणी पिऊनहि केवळ नशिबानें वांचलीं.

मॅकेंड्रिक यांना ही दृष्टि रॉस यांच्यापासून मिळाली होती. अलमोड्यास जन्मलेल्या रॉस यांनीं सन १८९७ च्या ऑगस्टमध्यें सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले व त्याबद्दल सन १९०२ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, हें शाळेंतील मुलांनाहि पाठ असतें. परंतु रॉस यांचा जीव खरा अडकला होता तो पुढच्या प्रश्नांत. डांस मारावेत, असें ते म्हणत. आणि लोक म्हणत, सगळे डांस मारणें कोणाच्या बापाला शक्य आहे? लाहोरजवळच्या मियां मीर छावणींत तसा प्रयत्न झाला, त्याचें फळ दिसलें नाहीं, आणि रॉस यांच्या विरोधकांना तेवढें पुरलें. तेव्हां रॉस यांनीं हिशेबानें दाखविलें कीं, शेवटचा डांस मारण्याची गरजच नाहीं. दर माणशीं डांसांची संख्या एका ठराविक मर्यादेखालीं गेली कीं उरलेले डांस गुणगुणत राहिले तरी हिंवताप आपोआप क्षीण होत जातो. मॉरिशस बेटाच्या पाहणीनंतर सन १९०८ च्या आपल्या अहवालांत त्यांनीं हा हिशेब मांडला व पुढें हिल्डा हडसन या गणितज्ञ बाईंच्या साहाय्यानें तो आणखी वाढविला. उंबरठ्याची कल्पना मूळची ही.

हिशेबाआधीं चित्र बरोबर असावें लागतें, याचा दारुण अनुभव पुण्यानें घेतला आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवीकडे प्लेग उघडकीस आला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोंचला. सन १८९७ चा सांथीचा कायदा घाईनें झाला. अधिकाऱ्यांपुढें चित्र होतें तें असें: रोग माणसापासून माणसाला, घाणीपासून माणसाला जडतो, म्हणून रोगी हुडकून काढा, घरच्यांना छावणींत न्या, सामान जाळा. त्या चित्राबरहुकूम सोजीर घरांत शिरले, देवघरें आणि माजघरें तपासलीं गेलीं, बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्या संतापांतून जूनमध्यें रँडसाहेबांचा खून झाला. रोग्यांना उचलून दवाखान्यांत नेतां नेतां सावित्रीबाई फुले त्याच वर्षीं मार्चमध्यें प्लेगनें गेल्या. आणि हें सर्व चाललें असतां उंदीर भिंतींतून आणि आढ्यांतून एका घरांतून दुसऱ्या घरांत स्वस्थपणें जात होते. सन १८९८ मध्यें कराचींत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविलें. पण मुंबईंत सन १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळानें रीतसर प्रयोग करीपर्यंत तें बहुतेकांनीं मानलें नाहीं. चित्र चुकलें म्हणजे बंदोबस्त कितीहि कडक असला तरी तो रोगाला लागत नाहीं, माणसांना मात्र लागतो.

देवीच्या रोगाचा हिशेब याहून जुना आहे. सन १७६० मध्यें डानिएल बर्नूली यांनीं पॅरिसच्या ॲकॅडमीपुढें एक प्रबंध ठेवला. त्या वेळीं जेन्नर यांची लस निघालेली नव्हती. देवीच्या रोग्याच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोंचीत, आणि त्यांतहि दोनशेंत एखादा दगावे. बर्नूली यांनीं धरून चालले कीं, देवी न आलेल्या आठांपैकीं एकाला दर वर्षीं त्या येतात आणि आलेल्या आठांपैकीं एक मरतो. या आधारावर त्यांनीं काढलें कीं, देवी समूळ नाहीशा झाल्या तर सरासरी आयुर्मान २६ वर्षें ७ महिन्यांवरून २९ वर्षें ९ महिन्यांवर जाईल. दालांबेर यांनीं यावर हरकत घेतली, ती अजूनहि विचार करण्याजोगी आहे. राज्याला तीन वर्षांचा नफा दिसतो. पण बापाला आपलें पोर टोंचून घेतल्यावर याच महिन्यांत मरेल काय, हें दिसतें. आजचा धोका आणि वीस वर्षांनंतरचा लाभ एकाच तराजूंत कसे घालावयाचे? याचें समाधानकारक उत्तर बर्नूली यांच्या कोष्टकांत नाहीं.

देवींच्या बाबतींत उंबरठ्याचा नियम नुसता कागदावर पुरला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. एक रोगी साधारण पांचांना रोग देतो असें मानलें तर शंभरांपैकीं ऐशींना लस टोंचल्यावर सांथ विझावयास हवी. भारताच्या दाट वस्तींत ती तेवढ्यानें विझली नाहीं, कारण न टोंचलेले वीस लोक गांवभर सारखे विखुरलेले नसतात; ते एकाच वाडीवर, एकाच पालांत एकत्र असतात. सन १९७३ पासून घरोघर फिरून रोगी शोधावयाचा आणि त्याच्या भोंवतालच्या सर्वांना लगेच टोंचून कडें करावयाचें, ही पद्धति जोरानें अवलंबिली गेली. सन १९७४ मध्यें बिहारांत मोठा उद्रेक झाला, तरी सन १९७५ च्या मेनंतर भारतांत देवीचा मूळचा रोगी सांपडला नाहीं. सन १९८० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वीवरून देवी गेल्याचें जाहीर केलें. गोंवराची गोष्ट निराळी. त्याचा एक रोगी बारापासून अठरांपर्यंत मुलांना रोग देऊं शकतो, म्हणून तेथें शेंकडा पंच्याण्णवांच्या आसपास मुलांना टोंचावें लागतें. ज्या गृहिणी ‘आमच्या एकट्याच्या मुलाला न टोंचल्यानें काय बिघडतें’ असें विचारतात, त्यांच्या प्रश्नाचें उत्तर या दोन आंकड्यांतील फरकांत आहे.

सन २०२० मध्यें कोविड आला तेव्हां हें शास्त्र एकाएकीं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजनें १६ मार्च रोजीं हिशेब प्रसिद्ध केला कीं, कांहींच उपाय केला नाहीं तर ब्रिटनमध्यें सुमारें ५ लाख १० हजार माणसें मरतील. पुढें उपाय झाले, माणसें त्या मानानें कमी मेलीं, आणि हिशेब खोटा ठरला अशी हाकाटी झाली. वाक्यांतलें ‘कांहींच उपाय केला नाहीं तर’ हे शब्द वाचावयाचेच नाहींत असें ठरविल्यावर दुसरें काय होणार? पण खरी चूकहि घडली. ऑक्टोबर २०२० मध्यें भारत सरकारनें नेमलेल्या एका समितीनें गणित करून सांगितलें कीं, फेब्रुवारी २०२१ पर्यंत सांथ बहुतांशीं आटोक्यांत येईल. एप्रिल २०२१ अखेर देशांत एका दिवसांत चार लाखांवर नवे रोगी नोंदले गेले. समीकरणांची बेरीज चुकली नव्हती. किती लोकांना रोग होऊन गेला याचा अंदाज चुकला होता, आणि विषाणु आपलें रूप पालटील ही शक्यता हिशेबांत धरलेली नव्हती.

त्याच काळांत मुंबईंत एक पाहणी झाली, ती मात्र डोळे उघडणारी होती. जुलै २०२० मध्यें महानगरपालिकेच्या तीन विभागांत लोकांचें रक्त तपासून, किती जणांना नकळत कोविड होऊन गेला हें पाहण्यांत आलें. झोंपडवस्तींत शंभरांपैकीं ५७ जणांना, आणि त्याच विभागांतल्या इमारतींत शंभरांपैकीं १६ जणांना तो होऊन गेलेला निघाला. मधें केवळ एक रस्ता, आणि दोन बाजूंना दोन निरनिराळ्या सांथी. सत्तावन्न आणि सोळा यांची सरासरी काढली तर जो आंकडा येतो तो रस्त्याच्या अलीकडच्या कोणाला लागू पडत नाहीं कीं पलीकडच्या कोणाला लागू पडत नाहीं. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गणितज्ञांनीं मुंबईचा आराखडा केला तेव्हां शहर म्हणजे एकच मोठा हौद असें न धरतां झोंपडवस्ती निराळी, इमारती निराळ्या, कचेऱ्या निराळ्या, आणि लोकलचा डबा निराळा धरला. त्या डब्यांत दोन्ही बाजूंचीं माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतात.